तीस सेंटिमीटरच्या फिगरचा मावळा करायचा, तर माती कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी १/६ मापाची, म्हणजे साधारण तीस सेंटिमीटर उंचीची, चिलखत घातलेल्या युरोपीय सैनिकाची तयार फिगर आहे. तिचा मावळा करायचाय. अंगात बाराबंदी, खाली चोळणा, कमरेला शेला, डोक्याला मुंडासं, आणि आता खाली सोडलेला उजवा हात तलवारीसकट वर. कुणी ग्रीन स्टफ सुचवलं, कुणी मिलिपुट (दोन्ही दोन भाग मळून वापरायच्या पुट्ट्या), कुणी सुपर स्कल्पी (भाजून पक्की होणारी माती). घरचे म्हणतात एम-सील आणा आणि मोकळे व्हा. शेजारचे काका म्हणतात, गणपती शाडूचे होतात तर मावळा का नाही होणार? तर यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

तुम्हाला सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीच चुकीचं सांगत नाहीये. ते वेगवेगळ्या मापावर काम करणारे लोक आहेत, एवढंच. ग्रीन स्टफची शिफारस बहुतेक २८ मिलिमीटरचे सैनिक रंगवणाऱ्यांकडून येते. तुमची फिगर त्याच्या साधारण अकरापट उंच आहे, पण आकारमानाने ती बाराशेपट भरते. तिथे वाटाण्याएवढ्या गोळ्यात अख्खा झगा होतो, तुम्हाला ओंजळभर माल लागणार. माल वाढला की छोट्या फिगरवर कधी न भेटणाऱ्या तीन अडचणी दारात उभ्या राहतात: वजन, उष्णता आणि आकसणं. म्हणून मोठ्या फिगरवर मी एकाच पदार्थाने काम करत नाही. आत हलकं भरण, त्यावर दणकट अंग, आणि सगळ्यात वर बारीक कामाचा पातळ थर, असे दोन-तीन पदार्थ एका फिगरवर सहज येतात. कोणता कुठे, हे ठरवणं म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

पण त्याआधी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आणि अर्धं उत्तर तिथेच अडलंय: फिगर कशाची आहे?

खोक्यावर लिहिलेलं नसेल तर तळपायाखाली किंवा मानेच्या सांध्यात, जिथे नंतर दिसणार नाही तिथे, ब्लेडने जरा खरवडा. पिठासारखी पांढुरकी पूड पडली तर पॉलियुरेथेन रेझिन. रबरासारखी लवचीक साल निघाली, आतून पोकळ असली आणि गरम पाण्यात धरल्यावर मऊ पडली तर सॉफ्ट विनाइल. कडक, कुरळी साल निघाली आणि प्लॅस्टिक मॉडेलच्या सिमेंटचा थेंब टाकल्यावर जागा विरघळल्यासारखी झाली तर पॉलिस्टायरीन. अंगावर बारीक आडव्या थरांच्या रेघा असतील तर थ्रीडी प्रिंट, आणि घरगुती प्रिंटरवरची असेल तर बहुधा पीएलए नावाचं प्लॅस्टिक.

रेझिन असेल तर तुमचं नशीब चांगलं. दोन भाग मिसळायच्या कुठल्याही इपॉक्सी पुट्टीला ते धरून ठेवतं. फक्त साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर राहिलेला असतो, तो भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासून काढायचा, आणि जिथे माती बसणार तिथे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने अंग खरखरीत करायचं. पॉलिस्टायरीनवरही इपॉक्सी बसते, पण पातळ द्रावण असलेल्या पुट्ट्या त्याला खातात. विनाइल दाबलं की दबतं, आणि वरचा कडक थर दबत नाही, म्हणून थर कडेने सुटून येतो. आणि पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेला मावळा संध्याकाळी वाकून मुजरा करत असेल.

आता वजनाचा हिशोब, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. समजा बाराबंदी, चोळणा आणि शेला मिळून तीनशे चौरस सेंटिमीटर अंग झाकायचंय आणि सरासरी अर्धा सेंटिमीटर जाडी धरली. म्हणजे दीडशे घन सेंटिमीटर माल. इपॉक्सी पुट्टी पाण्याच्या दीडपट ते दुप्पट जड असते. पावणेदोन पट धरा, तर २६० ग्रॅमच्या पुढे गेलात. मिलिपुटचं पाकीट ११३.४ ग्रॅमचं येतं, म्हणजे दोन पाकिटं संपून तिसरं उघडणार. पैसे एकवेळ सोडा, पण पाव किलोपेक्षा जास्त वजन दोन घोट्यांवर आणि तेही कमरेच्या वर, हा त्या फिगरचा मूळ आराखडाच नव्हे. तेच काम आत हलकं भरण घालून वर फक्त दोन मिलिमीटर थर दिला, तर साठ घन सेंटिमीटर लागतात आणि एका पाकिटात भागतं. हलकं भरण म्हणजे काय? चुरगाळून घट्ट दाबलेली ॲल्युमिनियम फॉइल. पोळ्या गुंडाळतो तीच. फेविक्विकच्या चार थेंबांनी ती अंगाला चिकटवायची, बोथट काडीने दाबून कपड्याचा ढोबळ आकार द्यायचा, मग त्यावर पुट्टी.

आणि भरण घालण्याआधी काढायचं. हे कुणी सांगत नाही. चिलखतावरच कपडा चढवलात तर मावळा गुबगुबीत होईल. १/६ मापात चार मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावर जवळजवळ अडीच सेंटिमीटर. दोन्ही बाजूंनी मिळून पाच. कुठलीही बाराबंदी एवढी जाड नसते. त्यामुळे छातीवरचा पत्रा, खांद्याच्या वाट्या, मांडीवरच्या पट्ट्या आधी कानस आणि हँड ग्राइंडरने उतरवा. खालचं अंग थोडं बारीकच दिसलं पाहिजे. अंग घासून सडपातळ झालं की मगच मातीचं पाकीट फोडा. रेझिन घासताना मास्क हवाच. शक्य तिथे पाण्याखाली घासा म्हणजे धूळ उडत नाही.

आता एकेक पदार्थ घेऊ. सुपर स्कल्पीपासून सुरू करतो, कारण व्हिडिओ बघून सगळ्यात जास्त लोक तिच्याच प्रेमात पडतात.

प्रेमात पडण्यासारखी आहेच ती. ही पॉलिमर क्ले, म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर. हवेत वाळत नाही. रात्री काम टाकून झोपा, आठवड्याने परत या, माती तशीच. चेहरा करायचा असेल, डोळ्याच्या कडेची सुरकुती चारदा मोडून करायची असेल, तर याहून सुखाचा पदार्थ नाही. पण ती पक्की होते १३० अंश सेल्सिअसला, दर सहा मिलिमीटर जाडीला पंधरा मिनिटं भाजल्यावर. तुमची फिगर त्या तापमानात टिकणार नाही. पॉलिस्टायरीन शंभराच्या आसपास ढिलं पडतं, रेझिन बहुधा त्याच्याही आधी, आणि पीएलएचं वर सांगितलंच. हेअर ड्रायरने थोडं थोडं भाजून घ्या, असं सांगणारे असतात. त्याने माती वरून कडक होते, आत कच्ची राहते. कच्च्या मातीतला प्लॅस्टिसायझर हळूहळू खालच्या पॉलिस्टायरीनमध्ये उतरतो आणि जागा चिकट, चकचकीत होते. म्हणून मी पॉलिमर क्ले फिगरवर कधीच भाजत नाही. फिगरवरून काढता येईल असाच भाग तिचा करतो.

तुमच्या मावळ्यात असे भाग आहेत: मुंडासं, ढाल आणि डोकं बदलणार असाल तर डोकं. मुंडासं करायला फिगरच्या डोक्यावर फॉइलचे दोन-तीन थर नीट दाबून टोपी बनवा, कानांच्या वर कापा, आणि त्या टोपीवर मातीच्या लांब पट्ट्या पिळून गुंडाळा. मुंडासं हे कापड असतं, दोर नव्हे. म्हणून प्रत्येक पट्टी गोल वळी करून न लावता आधी चपटी लाटायची, मग पीळ द्यायचा. पिळाच्या खाचा सारख्या अंतरावर आल्या की ते जिलेबीसारखं दिसायला लागतं. दोन पीळ जवळ, एक लांब, मध्येच एक पदर सुटलेला, असं हवं. झालं की फॉइलसकट अलगद उचला आणि भाजा. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. आणि माती करपू देऊ नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड सोडतं, घशाला झोंबणारा वायू आहे तो. भाजलेलं मुंडासं फॉइल सोलून डोक्यावर बसवा, फट राहिली तर इपॉक्सीने भरा, अरल्डाइटने चिकटवा.

बाकीचं सगळं, म्हणजे अंगालगतचं सगळं, इपॉक्सीचं काम.

इपॉक्सीचं तत्त्व एकच. दोन गोळे, एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. मळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि पाणी उडून जायचा प्रश्न नसल्यामुळे माती जवळजवळ आकसत नाही. मोठ्या फिगरला हेच हवं. पण ब्रँडप्रमाणे स्वभाव बदलतो.

मिलिपुट वेल्समध्ये बनतं. पिवळट करडं ‘स्टँडर्ड’ आणि पांढरं ‘सुपरफाइन’, हे दोन प्रकार आपल्या कामाचे. मळल्यावर तासभर हाताळता येतं, रात्रभरात दगड होतं. ओल्या बोटाने किंवा ओल्या ब्रशने पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि वाळल्यावर उत्तम घासता, कोरता, ड्रिल करता येतं. उणं एवढंच की पातळ कडा ठिसूळ असते. बाराबंदीच्या खालच्या घोळाची कडा मिलिपुटची पातळ काढलीत तर ती कधीतरी टवका देऊन तुटणार.

ग्रीन स्टफ म्हणजे निळी आणि पिवळी पट्टी. नीट मळली की एकजीव हिरवी. वाळल्यावरही किंचित लवचीक राहते, त्यामुळे कडा तुटत नाही आणि सुईच्या टोकाचं काम धरून ठेवते. पण घासायला गेलात तर पूड न पडता तंतू निघतात. मोठं सपाट अंग, मांडी, पाठ, ढालीचा फुगवटा यांवर ती मला मुळीच नको. एक बारकावा: पाकिटात दोन्ही रंग एकमेकांना चिकटलेले असतील तर त्या सीमेवर आधीच वाळलेली शिर असते. मळण्यापूर्वी ती ब्लेडने कापून टाका, नाहीतर कामात खडे लागतात. पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिवट, निळा जास्त घेतला तर कडक.

म्हणून कपड्याच्या कडांसाठी आणि शेल्यासाठी मी दोन्ही मिसळतो. मिलिपुट वेगळं मळायचं, ग्रीन स्टफ वेगळं मळायचं, मग निम्मं-निम्मं एकत्र. मिलिपुटचं घासलं जाणं आणि ग्रीन स्टफचा चिवटपणा, दोन्ही थोडं थोडं मिळतं. तुमच्या फिगरवर सगळ्यात जास्त उपयोगाला येणारं मिश्रण हेच.

अपॉक्सी स्कल्प्ट (Apoxie Sculpt) नावाचा अमेरिकन पदार्थ मागवता आला तर मोठ्या अंगासाठी तो मिलिपुटपेक्षाही सोयीचा. दोन्ही भाग सम प्रमाणात, हाताळायला दोन-तीन तास, पूर्ण वाळायला चोवीस. सुरुवातीला लोण्यासारखा मऊ असतो, घाई करणाऱ्याला आवडत नाही. आयात असल्यामुळे किंमत आणि उपलब्धता शहरागणिक बदलते. मिळाला नाही तर अडत काहीच नाही.

शेला कसा करायचा ते जरा सविस्तर सांगतो, कारण मावळा ओळखू येतो तो शेल्याने आणि मुंडाशाने. मिश्रण मळून झालं की जाड प्लॅस्टिकच्या पिशवीवर टाल्कम पावडर भुरभुरवा, गोळा ठेवा, वर दुसरी पिशवी, आणि गुळगुळीत बाटलीने एक मिलिमीटरपर्यंत लाटा. (स्वयंपाकघरातलं लाटणं नको, ते परत स्वयंपाकघरात जाणार असतं.) लाटल्या लाटल्या लावायला जाऊ नका. ताजी पोळी चिकटते, ताणली जाते, फाटते. तिला तशीच अर्धा तास पडू द्या. त्याच मळलेल्या मालाची एक गोळी बाजूला ठेवा आणि दर थोड्या वेळाने तिच्यावर नख दाबा. नखाचा ठसा उमटतोय पण नखाला काही चिकटत नाही, ही वेळ. आता ब्लेडने पट्टी कापा, तिच्या लांबीत बोटांनी दोन-तीन ढिल्या घड्या घाला, कंबर किंचित ओली करा आणि पट्टी गुंडाळा. गाठ जिथे येणार तिथे पट्टी चिमटीत आवळा. सगळ्या चुण्या त्या गाठीतूनच निघाल्या पाहिजेत आणि लांब जाताना पसरून विरल्या पाहिजेत. सिलिकॉनच्या टोकाचा ब्रश हाताशी असेल तर चुणीच्या तळाशी दाबा, वर नको. वरची धार आपोआप उभी राहते. गाठ स्वतंत्र गोळीची करून नंतर बसवा. शेल्याची लोंबती टोकं त्याच पट्टीतून ओढून काढू नका, ती वेगळी कापून, गाठीखाली सरकवून लावा. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात सहा मिलिमीटर, शेल्याला जाडच. म्हणून फक्त दिसणारी कडा बोटाने दाबून अर्ध्या मिलिमीटरवर आणायची. मधली जाडी कुणाला दिसत नाही.

एम-सीलला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. मी ठेवत नाही, पण त्याची जागा ओळखून वापरतो. ते गळती बुजवायला बनवलेलं आहे, त्यामुळे धरतं घट्ट, लवकर आवळतं आणि दाणा थोडा जाडसर असतो. नाक-डोळे करायला ते नाही. पण तुमचा उचललेला हात त्याच्याशिवाय होणार नाही, निदान स्वस्तात तरी नाही. कोपरातून नव्हे, खांद्यातूनच कापा, कारण माणूस हात वर करतो तेव्हा खांदाही मानेकडे चढतो. दोन्ही तोंडांत छिद्रं पाडून दोन मिलिमीटर जाडीच्या पितळी सळया घाला. एक सळई घातली तर हात तिच्याभोवती फिरतो, म्हणून दोन. सळया संथ वाळणाऱ्या अरल्डाइटने बसवा आणि राहिलेली पाचर एम-सीलने ठासून भरा, पृष्ठभागापेक्षा दीड-दोन मिलिमीटर खोल ठेवून. वरचा थर मिलिपुटचा. वर उचललेल्या हाताच्या बाराबंदीच्या चुण्या काखेपासून सुरू होऊन मनगटाकडे नाही, तर खांद्याकडे आणि छातीवरच्या बंदांकडे ताणल्या जातात. आरशासमोर सदरा घालून हात वर करून बघा.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं मोल्डइट हेही इपॉक्सीच, म्युरल करणारे वापरतात. सुरुवातीला चिकट असतं, हाताला पावडर लावावी लागते. ढाल, पायथ्याचे दगड, झाडाचं खोड यांना झकास. तीस सेंटिमीटरच्या चेहऱ्यावर मी ते लावणार नाही, पण चोळण्याला हरकत नाही, आणि सरावासाठी तर त्याहून परवडणारं काही नाही.

गॅरेजमध्ये पत्रा सपाट करायला लावतात ती पॉलिएस्टर पुट्टीही लक्षात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट, आणि घासायला इतकी सोपी की हात थांबत नाही. रेझिनच्या फिगरवर मांडी किंवा पाठीचा भराव करायला मी ती वापरतो, गॅलरीत बसून, कारण तिच्यातल्या स्टायरीनचा वास डोकं उठवतो. पॉलिस्टायरीनवर जाड थर देऊ नका. तेच स्टायरीन प्लॅस्टिक मऊ करतं आणि वाळताना उष्णताही सुटते. विनाइलवर ती फारच कडक पडते. ट्यूबमधून थेट येणारी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी मात्र फक्त ओरखडे बुजवायला. तिच्यातलं द्रावण उडत राहतं आणि जाड थर दिलात तर रंग दिल्यानंतरही जागा बसत जाते.

आता शेजारच्या काकांचा शाडू. पेणचे कारागीर शाडूत जे करतात ते बघून कुणालाही मोह होईल. पण ती मूर्ती अखंड मातीची असते, सगळी एकत्र आकसते. तुमच्या फिगरवर बाहेरची माती वाळताना आकसणार आणि आतलं प्लॅस्टिक जागचं हलणार नाही, मग माती फाटण्याशिवाय काय करेल? शिवाय ती प्लॅस्टिकला धरतही नाही. हवेत वाळणाऱ्या कागदी लगद्याच्या मातीचंही थोड्या फरकाने तेच. पण शाडू फेकू नका. उचललेल्या हाताची ढब, धडाचा कल, शेल्याचा झोल हे आधी वीतभर उंचीच्या शाडूच्या नमुन्यात करून बघा. अर्ध्या तासात मोडून परत करता येतं, पैसे लागत नाहीत, आणि महागड्या पुट्टीवर विचार करत बसायची वेळ येत नाही. इपॉक्सीत घड्याळ चालू असतं, विचार तिथे करायचा नसतो.

एकाऐवजी पाच-दहा मावळे करायचे असतील तर उत्तर थोडं वेगळं. तेव्हा न वाळणाऱ्या तेलाच्या मातीत, म्हणजे प्लॅस्टिसिनमध्ये, मूळ काम करून सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि रेझिन ओतायचं. माती घेताना ती गंधकरहित आहे का ते बघा. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाच्या संपर्कात आलं की चिकटच राहतं. तुम्हाला एकच करायचाय, म्हणून हे इथेच सोडतो.

इथवरचं जुळवून सांगायचं तर: सुटा करता येणारा भाग सुपर स्कल्पीत, वेगळा भाजून. लपणारा सांधा एम-सीलने. भराव फॉइलचा. अंगालगतचा कपडा मिलिपुटचा. कडा, शेला, बंद हे मिलिपुट आणि ग्रीन स्टफच्या मिश्रणाचे. शाडू फक्त नमुन्याला.

हवामानाचं मात्र तुमचं तुम्हालाच बघावं लागेल, कारण तुम्ही कुठे राहता ते मला माहीत नाही. पाकिटावरचे वेळाचे आकडे थंड देशातल्या खोलीचे असतात. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सीचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात नागपूर-सोलापूरकडे चाळिशी ओलांडलेली असताना मिलिपुटचा तास पाव तासावर येऊ शकतो. तेव्हा लिंबाएवढेच गोळे मळा, पहाटे काम करा, आणि मळलेला माल उरला तर हवाबंद गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा, क्रिया बरीच मंदावते. बाहेर काढल्यावर गुंडाळी लगेच उघडू नका, वर दव धरतं. कोकणातल्या पावसाळ्यात उलट त्रास. हार्डनरचा हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पृष्ठभागावर चिकट, मेणचट साय येते. ती पॉलिश पेपरने घासायला जाऊ नका, पेपर भरून जातो. आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा, मग घासा, मगच पुढचा थर. धुतल्याशिवाय वरचा थर दिलात तर तो पापुद्र्यासारखा निघतो.

हातमोजे घाला. नायट्राइलचे. इपॉक्सीची ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही, आणि एकदा झाली की सहसा जात नाही. मग बोटांच्या बेचक्यात खाज, पुरळ, आणि छंद बंद. वाळलेली पुट्टी घासताना पाणी आणि मास्क, दोन्ही.

फिगर विनाइलची निघाली तर वरच्या यादीत थोडा फेरफार करा. ढब बदलायला कापण्याआधी गरम पाण्यात बुडवून वाकवून बघा, वाकवून धरूनच थंड पाण्यात टाका. छोटे बदल तेवढ्यावर भागतात. माती लावण्याआधी पाय प्लास्टरने किंवा रेझिनने भरून घ्या, नाहीतर दोन उन्हाळ्यांत मावळा घोट्यातून पुढे झुकतो. कपड्यात ग्रीन स्टफचं प्रमाण निम्म्याहून वाढवा. जिथे थर जाड आहे तिथे खालच्या विनाइलला बारीक छिद्रं पाडा म्हणजे पुट्टी आत शिरून खुंटीसारखी अडकते. आणि रंग ॲक्रिलिकच वापरा. इनॅमल विनाइलवर महिनोन्‌महिने चिकट राहू शकतं.

पहिल्या खेपेला मिलिपुट स्टँडर्डची दोन पाकिटं, ग्रीन स्टफची एक छोटी पट्टी, एम-सील, पितळी सळई आणि फॉइल, एवढंच आणा. सुपर स्कल्पी मुंडाशाची वेळ आल्यावर. काम खालून वर करा: पाय, चोळणा, धड, हात, शेला, सगळ्यात शेवटी मुंडासं. एक भाग पूर्ण वाळल्याशिवाय त्याला लागून दुसरा धरू नका, नाहीतर चोळण्याच्या चुण्यांवर अंगठा उमटतो आणि दुसऱ्या दिवशी दिसतो. सगळं झालं की करडा प्रायमर मारा. तीन-चार पदार्थांचे वेगवेगळे रंग एका रंगाखाली गेले की इतके दिवस न दिसलेले सांधे आणि खड्डे लख्ख दिसतात. ते भरा, घासा, परत प्रायमर. दोन-तीन फेऱ्या लागतातच, आणि शेवटच्या फेरीनंतर रंग उघडण्याआधी एक पूर्ण दिवस जाऊ द्या.